दोन चाकं आणि एक चौकट

माझ्या सासुरवाडीच्या बैठकीच्या खोलीत, गणपतीच्या तसबिरीला अगदी लागून, माझा मोठा फोटो चौकटीत घालून टांगलेला आहे. मी जिवंत आहे.

नवीन पाहुणा आला की आधी फोटोकडे बघतो, मग चेहरा पाडतो, मग हळू आवाजात सासूबाईंना विचारतो, "कधी झालं हे?" सासूबाई सांगतात, "काही नाही झालं, आमचे जावई आहेत ते, आत चहा पितायत." मग पाहुणा जवळ जाऊन फोटो नीट बघतो आणि त्याला हसू आवरत नाही. मी आत चहाचा कप हातात धरून ते हसू ऐकत बसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात मला अख्खा कप चहा गरम पिता आलेला नाही.

त्या चौकटीत मी पहिल्यांदा गेलो ती हकिगत अशी. मी रत्नागिरीकडून भायंदरला आलो तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारायला. पुढे वेल्डिंग शिकलो, पुढे भांडणं शिकलो, आणि दोन्हीच्या जोरावर गोडदेवला स्वतःचा गाळा घेतला. डबे बनवतो. या सगळ्यात मी एक गोष्ट कधी केली नाही : समोरच्याने सांगितलेला भाव मान्य. माझी जीपसुद्धा मी सरकारी लिलावात घेतली, आणि तिथे इतकी घासाघीस केली की लिलाव करणारे साहेब घाम पुसत म्हणाले, "अहो, लिलावात भाव वर जायचा असतो."

तर ही जीप घेऊन मी जानेवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी सगळ्या सासुरवाडीला उत्तनच्या किनाऱ्यावर नेलं, आणि भुसभुशीत वाळूत गाडी रुतली. मागची चाकं जिद्दीने खड्डा खणत होती. पुढचं डावं चाक गरागरा फिरत होतं आणि उजवं चाक आपला काहीच संबंध नसल्यासारखं स्वस्थ उभं होतं. शेवटी तिथल्या कोळ्यांनी होडी ओढायचा दोर आणून जीपला बांधला आणि एका सुरात ओरडत तिला वर खेचलं. मी मागून ढकलत होतो. पँट गुडघ्यापर्यंत, एक चप्पल बेपत्ता, तोंड उघडं. नेमका तेव्हा माझ्या मेहुण्याने फोटो काढला.

मेहुणा म्हणजे सुनंदाचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ विलास. सरकारी नोकरीत आहे. दुकानदार सांगेल ती किंमत देतो आणि वर त्याचे आभार मानतो! असल्या माणसाने माझा फोटो मोठा करून घेतला, सागवानी चौकट करून घेतली (चौकटवाल्याने त्याला किती फसवलं असेल या विचाराने माझी एक झोप गेली), आणि भिंतीवर टांगला. मी चिडलो, ओरडलो, एकदा ताटावरून उठलो. काही उपयोग झाला नाही. शेवटी पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला, सगळ्यांच्या देखत, मी स्टुलावर चढून फोटोला हात घातला.

"भावोजी, खाली उतरा," विलास म्हणाला. "एक काम करा. त्याच जागेवरून गाडी बाहेर काढून दाखवा. कोणी ढकलायचं नाही, कोणी ओढायचं नाही. त्याच दिवशी फोटो उतरवतो."

"शपथ घे."

"आईची शपथ."

सासूबाई समोरच तीळ कुटत होत्या. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि म्हणाल्या, "मला कशाला मध्ये घेता?" पण शपथ झाली होती.

दुसऱ्याच दिवशी मी काशिमीऱ्याला अन्वरभाईंकडे गेलो. राहायला नया नगरला, आणि हायवेला लागून जीपच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांनी मला एका चाकाची अक्कल आणि दुसऱ्याचा आळस याचं कारण समजावलं. दोन चाकांच्या मधोमध दातेरी चक्रांचा एक गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं आणि आतलं कमी, म्हणून तो गोळा ताकदीची वाटणी करतो. पण वाळूत गेलं की तो जे चाक मोकळं फिरतं त्यालाच सगळी ताकद देऊन टाकतो. (हे मला लगेच पटलं. आमच्या घरातही जो उधळतो त्याच्याच हातात पैसे जातात.) त्यावर उपाय म्हणजे लॉक. लॉक लागला की दोन्ही चाकं एकत्र फिरलीच पाहिजेत, एकाला चुकारपणा करता येत नाही. माझ्या जीपला मागे असा लॉक आधीच्या मालकाने बसवलेलाच होता. राहिला होता पुढचा.

अन्वरभाईंनी काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक परदेशी. बटण दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की सुटतो. त्याची किंमत ऐकून मी स्टुलावर बसलो. दुसरा आपोआप लागणारा, त्याहून पुष्कळ स्वस्त. त्याची किंमत ऐकून मी स्टुलावरून उठलो, कारण आता भाव करता येईल असं वाटलं.

"अन्वरभाई, इससे दोनो चक्का लॉक होता है?"

"दोनो, सेठ."

"मेरा तो एकही चक्का खराब है. बायांवाला. एक का भाव बोलो."

अन्वरभाईंनी काउंटरवरचा माल जरा मागे ओढला. मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं की हे चपलेसारखं आहे, एक मिळत नाही. मी म्हटलं, माझी एकच चप्पल उत्तनला हरवली, तेव्हाही मला जोड घ्यायला लावला, हीच तुम्हा लोकांची लूट आहे. मग मी त्यात जुना माल विचारला, मोडका माल विचारला, हप्ता विचारला, गेल्या वर्षीचा भाव विचारला. दुपारची त्यांची जेवायची वेळ टळून गेली. शेवटी ते कपाळ धरून बोलले, "सेठ, इतना ही बचाना है तो अंदर के दाँते वेल्डिंग कर डालो. मुफ्त का लॉक."

मी थबकलो. खूप घासलं की दुकानदाराच्या तोंडून शेवटी खरं बाहेर पडतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. आतली चक्रं एकमेकांना वितळवून टाकली की दोन्ही चाकं कायमची एक! आणि वेल्डिंग तर माझ्या हातातलं. पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. महागडी वस्तू नको अशा थाटात उठलो आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून चालू लागलो.

आता हे चालू लागणं ही एक विद्या आहे. पाठ फिरवून निघालं की मागून हाक येते. पहिल्या हाकेला वळलात तर संपलात. पहिली हाक म्हणजे भाव जरासा उतरला, दुसरी म्हणजे बराच. त्या दिवशी मला काही घ्यायचंच नव्हतं, तरी सवयीने कान मागे होते.

"ओ सेठ, सुनो तो!"

मी चालत राहिलो.

"अरे सेठ, एक बात तो सुनते जाओ!"

मी न वळता फक्त हात वर करून हलवला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत रुबाबदार हात हलवणं होतं. आजही आठवलं की हात खाली घ्यावासा वाटतो.

पुढच्या रविवारी मी गाळ्यात स्वतः जीपचा पुढचा गोळा उघडला आणि आतली चक्रं जोडून टाकली. कारागिरांना हात लावू दिला नाही. वेल्डिंग असं केलं की बघत राहावं. सुनंदा डबा घेऊन आली होती. तिने विचारलं, "अहो, हे नंतर सुटतं ना?"

"माझं वेल्डिंग कधी सुटलंय?"

"म्हणूनच विचारते," ती म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

मग मी नवघरच्या रस्त्यावर जीप फिरवून आणली. वळली, थांबली, सिग्नलला पुन्हा वळली, काहीही फरक नाही. विलासच्या इमारतीखाली तर मी मुद्दाम तीन-चार गोल चकरा मारल्या. तो गॅलरीत येऊन बघत होता. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मी स्वतःला सांगितली नाही. या जीपच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एकेक टोपी असते. ती फिरवून लावल्याशिवाय पुढची चाकं आतल्या गोळ्याला जोडलीच जात नाहीत, नुसती मोकळी फिरतात. म्हणजे शहरभर मी जे तपासून पाहिलं, त्याचा माझ्या वेल्डिंगशी काडीचा संबंध नव्हता. मी एक साधी जीप मोठ्या अभिमानाने गोल गोल फिरवत होतो.

ठरल्या दिवशी आम्ही उत्तनला पोचलो. पुढे माझ्या शेजारी नाना, म्हणजे सासरे. मागे सासूबाई आणि सुनंदा. सासूबाईंची त्या दिवशी संकष्टी होती, त्यामुळे त्या गाडीत बसायलाच तयार नव्हत्या. पण शपथ त्यांच्या नावाची होती, साक्षीला त्याच हव्यात, असा मी हट्ट धरला. विलास खाली उतरून नवा कॅमेरा घेऊन उभा राहिला. या वेळी रोल नव्हता. हवे तितके फोटो फुकट काढता येतात, असं त्याने मला दोनदा ऐकवलं.

जागा तीच. समोर भुसभुशीत वाळूचा पट्टा. तो ओलांडला की उजवीकडे वळून माडांमधून रस्त्याला लागायचं. डावीकडे समुद्र. आणि नाकासमोर, पट्ट्याच्या पलीकडे, फिलूबाय कोळणीच्या वलांड्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडवे दोर बांधतात आणि दोरांवर बोंबील वाळत घालतात ती मांडणी. हजारो बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून उन्हात लोंबत होते. फिलूबाय खाली बसून ते उलटसुलट करत होती. गेल्या वर्षीचा दोर तिच्याच मुलांचा. मला बघून ती म्हणाली, "आलास काय शेट? दोर काढू?"

"गरज न्हाय," मी तिच्याच भाषेत ऐटीत सांगितलं. खाली उतरलो, दोन्ही चाकांच्या टोप्या सगळ्यांना दिसतील अशा फिरवल्या, आत बसलो आणि चारही चाकांना ताकद लावली.

काय सांगू! गाडी निघाली. ना घरघर, ना खड्डा. दोन्ही पुढची चाकं शाळेतल्या जोडीसारखी हात धरून चालू लागली. गेल्या वर्षी जिथे रुतलो होतो, ती जागा मागे पडली. सुनंदाने टाळी वाजवली. सासूबाईंनी गणपतीचं नाव घेतलं. मी खिडकीतून विलासकडे पाहिलं, त्याचा चेहरा पडला होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विलासकडे बघून मनापासून हसलो.

मग मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवायला घेतलं.

फिरेना. मी जोर लावला. नानांनीही एका बाजूने ओढलं. दोघांनी मिळून ते पूर्ण उजवीकडे आणलं, चाकंही तिरकी झाली. पण गाडी सरळच. कारण वळायला एका चाकाने जास्त फिरावं लागतं आणि दुसऱ्याने कमी, आणि मी त्या दोघांना मरेपर्यंत सारखं फिरायला बांधून टाकलं होतं. जीप तिरक्या चाकांनी वाळू नांगरत नाकासमोर चालली होती.

"अरे, वळव की," नाना म्हणाले.

"वळवलीय."

"मग गाडीला सांग तसं."

"अहो, थांबवा!" सुनंदा मागून म्हणाली.

थांबवणं सोपं होतं. पण इथेच माझं डोकं फिरलं. पायाखाली अजून भुसभुशीत वाळू होती. थांबलो की रुतलो, रुतलो की फिलूबायचा दोर, आणि दोर आला की फोटो जन्मभर भिंतीवर. एवढा हिशोब मी एका श्वासात केला. (धंद्यात हीच चपळाई कामी आली.) मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि ओरडलो, "सगळे खाली वाका!"

पहिली वलांडी कोणी वाचवू शकलं नसतं. दुसरी वाचली असती, पण तोपर्यंत काचेवर इतके बोंबील आले होते की मला ती दिसलीच नाही. तिसरीत दोर चाकात गुंडाळला गेला आणि जीप आपोआप थांबली. कडक वाळूवर. कोणीही न ढकलता, कोणीही न ओढता.

नानांच्या टोपीवर एक बोंबील आडवा बसला होता. सुनंदाच्या मांडीवर ढीग होता. आणि संकष्टीच्या उपाशी सासूबाई डोळे मिटून अगदी ताठ बसल्या होत्या, गळ्यात जबड्याला जबडा जोडलेल्या बोंबलांची माळ. त्या घरातली हार घातलेली व्यक्ती शेवटी बघायला मिळाली, ती अशी.

"आई, तुम्हाला लागलं नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "चंद्र उगवेपर्यंत माझ्याशी बोलू नका," त्या म्हणाल्या.

तोवर फिलूबाय पोचली होती. मला वाटलं शिव्या घालेल. शिव्या परवडल्या असत्या. ती शांतपणे सगळं बघत गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "सगलं घ्यावं लागंल शेट. सुकलेलं बी, ओलं बी."

मी खाली उतरलो. नेहमीच्या सवयीने सुरुवात केली. अर्धा माल तर वाळूत पडलाय, असं म्हटलं. ती म्हणाली, म्हावरं वाळूवरच असतं, झाडाला लागत न्हाय. मी म्हटलं, तुटलेल्याचा भाव वेगळा लाव. ती म्हणाली, तोडायला मी बोलावलं व्हतं काय? मी म्हटलं, माझ्या घरी खाणारी माणसं दोन. ती म्हणाली, गाडीत तर चार दिसतायत. मी म्हटलं, चौथीचा उपास आहे. त्यावर तिने पदर खोचला, पाठ फिरवली आणि गावाकडे चालू लागली.

ती मुलांना बोलवायला चालली होती की नुसतीच चालली होती, ते मला आजही माहीत नाही. मला एवढंच कळलं की ही विद्या मला येते, पण समोरून कोणी वापरली तर काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

"बाय!" मी हाक मारली. "अगो बाय, ऐक तरी!"

ती थांबली नाही. मी दुसरी हाक मारली. दुसऱ्या हाकेला ती वळली. भाव तिचाच राहिला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये माणसांना जागा कमी आणि बोंबलांना जास्त होती. टोप्या पुन्हा मोकळ्या केल्या तेव्हा गाडी निमूट वळली, जणू काही झालंच नव्हतं. सासूबाई विलासबरोबर रिक्षाने गेल्या. नाना गाडीतच होते. भायंदर येईपर्यंत ते फक्त एकदा बोलले : "वास चांगला आहे, पण जास्त आहे."

सोमवारी मी अन्वरभाईंकडे गेलो. लांबूनच वास आल्यामुळे असेल, ते दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही?

"वही तो बोल रहा था, सेठ. दो बार आवाज दी. टोपी लगाओगे तो मुड़ेगी नहीं. आपने हाथ हिलाया, मैं समझा आपको मालूम है."

माझं वेल्डिंग काही केल्या सुटेना. करवत चालली नाही, छिन्नी चालली नाही. अन्वरभाईंच्या कारागिराने मोठ्या आदराने विचारलं, हे कोणी केलंय, हात फार चांगला आहे. शेवटी पुढचा अख्खा गोळा नवीन घ्यायचा ठरला. अन्वरभाईंनी भाव सांगितला. मी मान हलवून पैसे काढले.

अन्वरभाईंनी नोटा घेतल्या नाहीत. घाबरून पाण्याचा ग्लास पुढे केला. "सेठ, तबियत ठीक है ना?"

राहिली शपथ. मी विलासला स्पष्ट सांगितलं : जागा तीच होती, गाडी बाहेर निघाली, कोणी ढकलली नाही, कोणी ओढली नाही. पुढे ती कुठे गेली हे आपल्या बोलण्यात नव्हतं. तो वाद घालेल म्हणून मी पूर्ण तयारीने गेलो होतो. त्याने वाद घातला नाही. "बरोबर आहे, भावोजी," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्टुलावर चढून फोटो उतरवला. भिंतीवर रिकामा चौकोन दिसला. मला भरून आलं. त्या दिवशी मी त्या घरात अर्धा कप चहा गरम प्यायलो.

उरलेला अर्धा पीत असताना विलासने चौकटीच्या मागचे खिळे काढले, जुना फोटो बाहेर ओढला आणि पिशवीतून नवा काढून आत सरकवला. तितकाच मोठा. त्यात स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे आहे, मी पूर्ण उजवीकडे झुकलोय, नानाही उजवीकडे झुकलेत, गाडी सरळ चाललीय आणि आरशाला एक बोंबील लटकतोय. तोंड माझं यातही उघडंच आहे.

मी संतापून उठलो, ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की त्याने चौकट जुनीच वापरली आहे. पुन्हा त्या चौकटवाल्याकडे गेला नाही, एक पैसा वाया घालवला नाही. इतकी वर्षं मी ज्याला काटकसर शिकवत होतो, तो शेवटी शिकला होता. मी खाली बसलो आणि तोंडातून निघून गेलं, "शाबास रे."

चहा तोवर गार झाला होता.